मॉड ॲडम्स (१८७२–१९५३): पीटर पॅनच्या कॉलरपासून स्टुडिओच्या दिव्यापर्यंत

रंगपीठ

मॉड ॲडम्सचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: अमेरिकेतली पहिली पीटर पॅन (नाटकातला कधीच मोठा न होणारा, उडणारा मुलगा), आणि मुलाखतींपासून चार हात लांब राहणारी लाजरी नटी. दोन्ही खरं. पण तिच्या कामाचा जो भाग अजूनही उपयोगी पडतो तो तिसराच, प्रकाशयोजना. म्हणून हा धागा. आधी ढोबळ आराखडा देतो, तपशील प्रतिसादांत भरू.

जन्म ११ नोव्हेंबर १८७२, सॉल्ट लेक सिटी. पूर्ण नाव मॉड इविंग ॲडम्स किस्काडन. आई ॲनी ॲडम्स स्वतः नटी, आणि रंगमंचावर मुलीने आईचंच आडनाव घेतलं. बालनटी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत १८७७ मध्ये 'फ्रिट्झ, अवर जर्मन कझिन'मध्ये काम. १८८८ च्या सुमारास न्यूयॉर्क, आधी ई. एच. सॉदर्नच्या कंपनीत, मग १८९० मध्ये नाट्यनिर्माता चार्ल्स फ्रोमनकडे. १८९२ पासून नट जॉन ड्रूची नायिका. १८९७ मध्ये 'द लिटल मिनिस्टर', आणि तिथून ती स्वतः कंपनीची मुख्य नटी.

पुढची मोठी नाटकं: 'लेग्लों' (१९००), 'क्वालिटी स्ट्रीट' (१९०१), 'पीटर पॅन' (१९०५), 'व्हॉट एव्हरी वुमन नोज' (१९०८), 'शांतक्लेर' (१९११), 'अ किस फॉर सिंड्रेला' (१९१६). १९१८ च्या सुमारास रंगमंच सोडला. मृत्यू १७ जुलै १९५३, न्यूयॉर्क राज्यातल्या टॅनर्सव्हिलला.

तिसरी घंटा

वाचतेय. ते तान्हेपणी ताटात घालून रंगमंचावर आणल्याची गोष्ट खरी आहे का? प्रत्येक चरित्रलेखात असते.

रंगपीठ

नाटकात तान्हं बाळ हवं होतं, ऐनवेळी ठरलेलं बाळ बदलून हिला नेलं, अशी ती गोष्ट. वय मात्र कुठे दोन महिने, कुठे नऊ महिने. नट्यांच्या बालपणीच्या गोष्टी प्रसिद्धी विभाग रंगवत असे, तेव्हा जरा जपूनच वाचा. तिच्या कारकिर्दीचा हिशेब तिथून सुरू करण्यात अर्थ नाही. खरी उमेदवारी फ्रोमनकडची.

बुकिंग क्लार्क

फ्रोमनचं यंत्र समजल्याशिवाय मॉड समजणार नाही, म्हणून तेवढं सविस्तर.

१८९६ मध्ये सहा जणांनी मिळून 'थिएट्रिकल सिंडिकेट' काढलं: फ्रोमन, अल हेमन, क्लॉ, अर्लँगर, निक्सन आणि झिमरमन. त्यांच्या हातात होतं ते दौऱ्याचं वेळापत्रक. त्याआधी गावोगावचे थिएटरमालक हंगाम सुरू होण्यापूर्वी न्यूयॉर्कला येऊन कंपन्यांशी सुटे सौदे करत. एका कंपनीने दोन गावांना एकच तारीख द्यायची, एका मालकाने एका आठवड्यासाठी दोन कंपन्या अडकवून ठेवायच्या, असा गोंधळ नित्याचा. सिंडिकेटने सगळं एका कचेरीत आणलं. मालकाला वर्षभर सलग नाटकं मिळाली, कंपनीला रेल्वेमार्गावर ओळीने पडणारी गावं मिळाली. बदल्यात कमिशन, आणि अट अशी की आमचीच नाटकं घ्यायची. जो नट वाकला नाही त्याला चांगली थिएटरं बंद. नटी मिनी मॅडर्न फिस्क वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडली ती यासाठीच.

मॉडच्या बाजूने पाहिलं तर त्या यंत्राचा तिला पुरेपूर फायदा झाला. नाटक न्यूयॉर्कला एक हंगाम, मग एक-दोन हंगाम दौरा. 'लिटल मिनिस्टर'चे न्यूयॉर्कच्या पहिल्या हंगामात ३०० प्रयोग झाले आणि मग ते देशभर फिरलं. त्या काळात सर्वाधिक कमावणाऱ्या नट्यांत तिची गणना होते, त्यामागे अभिनयाइतकंच हे वेळापत्रक आहे.

विंगेतून

असहमत, निदान अर्धा. तेच वेळापत्रक फ्रोमनच्या इतर डझनभर नट्यांनाही होतं. त्यांची नावं आज कोण घेतं?

मुद्दा भूमिका कशी घडवली गेली याचा आहे. 'पीटर पॅन'चा लेखक जे. एम. बॅरी १८९६ मध्ये न्यूयॉर्कला आला होता. त्याच्या 'लिटल मिनिस्टर' कादंबरीचं नाटक फ्रोमनला हवं होतं, पण कादंबरीत वजन तरुण पाद्र्याकडे, आणि बॅरीला जिप्सी वेषातली बॅबी साकारणारी नटी डोळ्यांपुढे दिसत नव्हती. त्याने 'रोझमेरी'त जॉन ड्रूबरोबर मॉडला पाहिलं आणि प्रश्न सुटला. नाटकात केंद्र बॅबीकडे सरकलं. म्हणजे ठरलेल्या मापाचा अंगरखा तिला घातला नाही, माप तिचं घेतलं. पुढे बॅरीची नाटकं अमेरिकेत तिच्यासाठीच राखल्यासारखी झाली. 'क्वालिटी स्ट्रीट' तर लंडनच्या आधी अमेरिकेत झालं.

बुकिंग क्लार्क

ते मान्य. पण तिची 'एकांतप्रिय' प्रतिमा फ्रोमननेच जपली, हेही लिहा. नटी रस्त्यात, हॉटेलात, वर्तमानपत्रात रोज दिसली तर तिकीट काढून कोण बघेल, असा त्याचा सरळ व्यापारी हिशेब. तिचा स्वभाव मुळात तसा होताच, त्याने त्याला धोरण केलं.

नाटकवेडी

'लेग्लों'बद्दल कुणीच का लिहीत नाही? फ्रेंच नाटककार रोस्ताँचं सहा अंकी पद्यनाटक, नेपोलियनच्या मुलाची भूमिका. पॅरिसला मार्च १९०० मध्ये प्रख्यात फ्रेंच नटी सारा बर्नार्डने केलं. न्यूयॉर्कला मॉडने ऑक्टोबर १९०० मध्ये निकरबॉकर थिएटरात इंग्रजीत केलं, आणि लगेच पुढच्या महिन्यात खुद्द बर्नार्ड फ्रेंच नट कोकलँला घेऊन तेच नाटक फ्रेंचमध्ये करायला न्यूयॉर्कात हजर! समीक्षकांनी दोघींची तुलना केली ती मॉडला जडच गेली. बर्नार्ड ५६ वर्षांची, मॉड २७ ची. वयाने मॉड त्या २१ व्या वर्षी मेलेल्या राजपुत्राच्या जवळची, पण लांबलचक पद्य पेलायला लागणारा आवाज आणि दम बर्नार्डकडे.

अवांतर: १९०५ मध्येच 'पीटर पॅन'साठी तिकडे बाई मुलगा झाली आणि इकडे बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. योगायोग छान आहे.

विंगेतून

योगायोगच. आपल्याकडे बायका रंगमंचावर नव्हत्या म्हणून पुरुष स्त्रीपार्टी करत. तिकडे बायका होत्याच. तिकडचं कारण वेगळं: पीटरला मुलगा घेतला तर बाकीची मुलं त्याहून लहान घ्यावी लागतात, आणि इंग्लंडमध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना रात्री ९ नंतर काम करायला बंदी. लंडनला २७ डिसेंबर १९०४ ला नीना बूसिकॉने पीटर केला तो या हिशेबाने. शिवाय तिकडच्या पँटोमाइममध्ये (नाताळातली गाण्या-विनोदाची परीकथेची नाटकं) बाईने नायकाचं काम करण्याची जुनी चाल होतीच.

तार आणि कप्पी

पीटर पॅनच्या उडण्याबद्दल लिहितो, कारण यावर बरंच चुकीचं वाचायला मिळतं.

लंडनचं काम जॉर्ज कर्बीच्या 'फ्लाइंग बॅले' कंपनीचं. माणूस तारेने उचलणं जुनंच होतं, पण आधीचा पट्टा चढवायला-उतरवायला वेळ लागे, आणि लटकलेला माणूस सामानासारखा दिसे. पीटरला खिडकीतून यायचं, उतरायचं, बोलायचं, पुन्हा उडायचं. म्हणून झटकन अडकणारा आणि झटकन सुटणारा पट्टा लागला. तो कपड्यांच्या आत, आणि आकडा पाठीशी.

हे सगळं मुळात लंबक आहे. वरचा टेकू ते नटाची पाठ हे अंतर ९ मीटर असेल तर एक पूर्ण झोका साधारण ६ सेकंदांचा, म्हणजे या टोकापासून त्या टोकाला ३ सेकंद. अंतर ४ मीटरच असेल तर पूर्ण झोका ४ सेकंदांत, आणि ते उडणं न वाटता हिसका वाटतो. ठेंगण्या थिएटरात पीटर पॅन वाईट का दिसतं त्याचं उत्तर हे. नटीने कितीही सराव केला तरी झोक्याचा वेळ बदलत नाही.

चुका कुठे होतात:

उचलण्याआधी नटाने टेकूच्या बरोबर खालच्या खुणेवर उभं राहायला हवं. तो अर्धा मीटर बाजूला असला तर पाय सुटताच मधल्या दिशेला ओढला जातो आणि समोरच्या फ्लॅटवर (चौकटीवर कापड ताणून रंगवलेल्या नेपथ्याच्या भिंतीवर) आपटतो. मुद्दाम झोका हवा असेल तेव्हा मात्र हेच तंत्र वापरतात, खुणेपासून मोजून लांब उभं करतात.

एकच तार असेल तर नट स्वतःभोवती फिरतो. हवेत वळायचं असेल तर ते सोयीचं, नाहीतर पाठ प्रेक्षकांकडे. दोन तारांनी तोंड एका दिशेला राहतं, पण गिरकी जाते.

तारेला मळकट रंग देतात, तरी बाजूने कडक झोत पडला की ती चमकते. पार्श्वभूमी सपाट निळी असली तर लगेच दिसते, उभ्या पट्ट्यांच्या भिंतीवर हरवते. दिवा आणि तार यांचं भांडण प्रत्येक प्रयोगात नव्याने मिटवावं लागतं.

आणि परीची धूळ! बॅरीने स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्या प्रयोगांनंतर घरी पलंगावरून उड्या मारून मुलं जखमी व्हायला लागली, पालकांनी तक्रार केली, म्हणून धूळ पडल्याशिवाय उडता येत नाही हे नंतर घातलं.

तिसरी घंटा

हे मस्तच. त्यातली टिंकर बेल ही चिमुकली परी कशी दाखवत?

झुंबर

आरशाने. विंगेत एक माणूस छोटा आरसा हातात घेऊन त्यावर पडलेल्या झोताचा कवडसा भिंतीवर नाचवायचा, आवाज घंट्यांचा. लहानपणी आपण वर्गात घड्याळाच्या काचेने करायचो तेच. अवघड भाग एवढाच की कवडसा दिसायला बाकीचा रंगमंच अंधुक हवा, आणि नटांचे चेहरे तरी दिसायला हवेत. इथूनच मॉडच्या प्रकाशाच्या वेडाची बाजू सुरू होते, तर सगळंच लिहितो.

१९०५ मध्ये एम्पायर थिएटरात (ब्रॉडवे आणि ४० वा रस्ता, पहिला प्रयोग ६ नोव्हेंबर) हाताशी काय होतं ते बघा.

एक, पायदिवे आणि वरच्या झालरीमागचे दिव्यांचे पट्टे. कार्बन तंतूचे बल्ब, एका वॅटमागे जेमतेम तीन ल्युमेन. सगळीकडे सारखा पिवळट उजेड. पायदिव्यांचा उजेड खालून येतो, म्हणजे नाकाची सावली कपाळाकडे जाते आणि मागच्या पडद्यावर राक्षसी सावल्या पडतात.

दोन, लाइमलाइट. चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत. प्रकाश मऊ, उबदार, चेहऱ्याला सुंदर. पण ज्योतीने कांडीला खड्डा पडतो, म्हणून दर काही मिनिटांनी ती फिरवावी लागते, आणि प्रत्येक दिव्यामागे एक माणूस.

तीन, कार्बन आर्क. आपल्याकडच्या जुन्या सिनेमागृहांत प्रोजेक्टर ज्या कार्बनच्या कांड्यांवर चालत, तेच तत्त्व. दोन कांड्यांत काही मिलिमीटर फट, मध्ये ठिणगीचा जाळ. आर्कला ५० व्होल्टच्या आसपास पुरतात आणि पुरवठा ११० चा डीसी, त्यामुळे निम्म्याहून जास्त वीज रोधकात उष्णता होऊन जाते. कांड्या जळून फट वाढते, आर्क सुरसुरतो, कधी ऐन संवादात विझतो. प्रकाश निळसर, कठोर. आणि मुख्य दोष: आर्क मंद करता येत नाही. झडप लावून झाकता येतो, पण 'हळूहळू संध्याकाळ झाली' हे त्याच्याकडून होत नाही.

बल्ब मंद करता येत होता, पण त्याचा झोत होत नव्हता. कारण भिंगाने झोत करायला प्रकाशाचा उगम ठिपक्याएवढा हवा, आणि कार्बन तंतू म्हणजे लांब वेटोळं. भिंगापुढे ठेवलं तर पडद्यावर वेटोळ्याचीच प्रतिमा.

ही कोंडी फुटली ती न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. कूलिजने १९१० च्या सुमारास टंगस्टनची लवचीक तार काढली, लँगम्यूरने १९१३ मध्ये बल्बमध्ये निर्वाताऐवजी वायू भरला आणि तारेची घट्ट गुंडाळी केली. तंतू छोटा, तापमान जास्त, प्रकाश कितीतरी पट. आता झोतही होतो आणि मंदही होतो. 'किस फॉर सिंड्रेला' १९१६ च्या नाताळात आलं ते या दिव्यांच्या जमान्यात. मॉडबरोबर या काळात विद्युत अभियंता बॅसेट जोन्स काम करत होता. प्रकाशाच्या तालमी ती स्वतः घ्यायची, नटांच्या तालमीइतक्याच कसून.

रंगपीठ

याला जोड: २२ जून १९०९, हार्वर्ड स्टेडियम. जर्मन नाटककार शिलरचं जोन ऑफ आर्कवरचं नाटक, एकाच रात्री, उघड्यावर. सुमारे १५,००० प्रेक्षक, रंगमंचावर हजाराहून अधिक माणसं आणि घोडे. उत्पन्न हार्वर्डच्या जर्मनिक संग्रहालयाला. त्यासाठी आल्फोन्स मुखाने केलेलं जोनच्या वेषातलं तिचं मोठं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ज्यांना वाटतं की ती फक्त नाजूक भूमिका करायची, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नाटकवेडी

'शांतक्लेर'मध्ये कोंबडा झाली तेही सांगा! जानेवारी १९११, निकरबॉकर. पक्ष्यांचं नाटक, अंगभर पिसं. पहिल्या रात्री वीसहून जास्त वेळा पडदा उघडावा लागला.

विंगेतून

टाळ्या पडल्या, पण भूमिका तिची नव्हती. पॅरिसला ती ल्युसियाँ गित्रीने केली, धिप्पाड पुरुष आणि भरदार आवाज. आपल्या आरवण्यानेच सूर्य उगवतो असं मानणारा कोंबडा चिमुकला दिसला तर विनोदाचा तोलच बदलतो. माझ्या मते तिची सर्वांत पक्की भूमिका 'व्हॉट एव्हरी वुमन नोज'मधली मॅगी वायली. नवऱ्याची भाषणं गुपचूप सुधारणारी बाई. तिथे पिसं नाहीत, तार नाही, फक्त गप्प बसून बोलणं.

तिसरी घंटा

मग सगळं सोडलं का? फ्रोमन गेला म्हणून?

बुकिंग क्लार्क

फ्रोमन ७ मे १९१५ ला 'लुसिटानिया' जहाजाबरोबर बुडाला. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती पुन्हा पीटर पॅन करत होती, तेव्हा 'तो गेला आणि तिने सोडलं' हे सरळ समीकरण चुकीचं. त्याच्या नावाच्या कंपनीतच ती १९१८ पर्यंत होती. साथीच्या फ्लूने तब्येत खालावली आणि दौरे थांबले. पीटर पॅनचे तिचे एकूण प्रयोग १,५०० च्या वर भरतात.

झुंबर

सोडलं म्हणजे घरी बसली नाही. १९२१ पासून ती स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये, मोठ्या दिव्यांवर. तिला रंगीत चित्रपट करायचा होता, किपलिंगच्या 'किम'वर. रंगीत चित्रणात प्रकाश गाळण्यांतून जातो आणि बराचसा तिथेच अडतो, म्हणून प्रचंड उजेड लागतो.

मोठा बल्ब करताना काय बिघडतं? १० किलोवॅटचा दिवा ११० व्होल्टवर ९० ॲम्पियरच्या वर ओढतो, काचेतून आत जाणाऱ्या तारांचे सांधे तापतात. काच तंतूजवळ आली तर मऊ पडून फुगते, म्हणून फुगा मोठा हवा. टंगस्टनची वाफ काचेवर बसून आतून काळी पुटं चढतात. त्यावर पुढे युक्ती निघाली ती साधी: बल्बमध्येच चिमूटभर टंगस्टनची भरड घालून ठेवायची आणि दिवा विझवून, उलटा करून गोल हलवायचा, काच घासून निघते.

तिच्या कामाचा फायदा तेव्हा लगेच कुणी का घेतला नाही? कारण फिल्म. त्या वेळची नेहमीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी, आणि तंतूचा दिवा लाल-पिवळाच जास्त देतो. स्टुडिओंना निळसर आर्क आणि पाऱ्याचे दिवेच परवडत. १९२७-२८ ला दोन गोष्टी एकदम झाल्या: लाल दिसणारी पँक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली, आणि बोलपट आले. आर्कची सुरसुर मायक्रोफोनमध्ये यायला लागली, तंतूचा दिवा मुका. मग हॉलिवूड तिकडे वळलं. तिला दिव्याची दिशा बरोबर दिसली होती, पण पाच-सहा वर्षं आधी. 'किम' झालाच नाही.

नाटकवेडी

आणि ती स्वतः एकाही चित्रपटात नाही! १९३८ मध्ये चित्रपटनिर्माता सेल्झनिकने पडदाचाचणी घेतली तेवढीच. १९३१ मध्ये नट ओटिस स्किनरबरोबर 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा दौरा, पोर्शिया म्हणून. १९३७ पासून मिझुरीत, कोलंबियाच्या स्टीफन्स कॉलेजात नाट्यविभाग. लाँग आयलंडवरची जमीन तिने १९२२ मध्येच सेनॅकल संघाच्या कॅथलिक जोगिणींना दिली होती, तिचं दफनही तिथेच.

तार आणि कप्पी

दौऱ्याच्या बाबतीत एक राहिलं. अमेरिकन नेपथ्यात तेव्हा फ्लॅटची कमाल रुंदी ५ फूट ९ इंच असे. कारण रेल्वेच्या सामानडब्याचं दार. फ्लॅट आडवा करून आत सरकवायचा तर तेवढाच मावे. 'पीटर पॅन'सारखं पाच अंकी नाटक, जहाज आणि जमिनीखालचं घर घेऊन गावोगाव फिरायचं, तर प्रत्येक भिंत या मापाने कापून बिजागऱ्यांनी जोडलेली. सांध्यावर कापडी पट्टी चिकटवून रंगवत. पट्टी सुटली की बाजूच्या दिव्यात उभी रेघ दिसते. पुन्हा दिव्याचंच भांडण.

उरेब पट्टी

शीर्षकात कॉलर आहे आणि अजून कुणी त्यावर आलं नाही :)

पीटर पॅन कॉलर लंडनची नाही, मॉडच्या १९०५ च्या वेषाची. वेष चित्रकार जॉन व्हाइट अलेक्झांडर आणि त्याच्या बायकोने मॉडबरोबर बसून ठरवला. सपाट, गोल टोकाची कॉलर लगेच मुलींच्या आणि बायकांच्या कपड्यांत आली.

कापायची रीत: पुढचा आणि मागचा भाग खांद्याच्या शिलाईवर जुळवून ठेवा. गळ्याकडची टोकं बरोबर जुळवा, मुंढ्याकडची टोकं एकमेकांवर १ ते दीड सेंमी चढवा. मग गळ्याचा गोल छापून घ्या, रुंदी ६ ते ७ सेंमी, पुढे गोलाई. न चढवता छापलं तर कॉलर अगदी सपाट पडते आणि गळ्याची शिलाई उघडी दिसते. चढवल्यामुळे बाहेरची कड थोडी आखूड होते आणि कॉलर गळ्याशी किंचित उचलते.

तिसरी घंटा

माझ्या मापाने कापल्यावर गोल टोकं वर वळतात. कापडाचा दोष का?

उरेब पट्टी

बहुधा नाही. खालचा तुकडा वरच्यापेक्षा बाहेरच्या कडेला २ ते ३ मिमी कमी कापा आणि शिवताना कडा जुळवून घ्या, म्हणजे टोक आत ओढलं जातं. शिवल्यावर मार्जिन ५ मिमी ठेवून गोलाईत जवळजवळ कट मारा, नाहीतर उलटवल्यावर गोल न येता कोपरे येतात. गळ्याला उरेब (तिरपी कापलेली) पट्टीच लावा, सरळ पट्टी गोलात चुण्या धरते.

तिसरी घंटा

खालचा तुकडा मी वरच्याएवढाच कापत होते. उद्या करून बघते.